‘से’ आणि ‘टेल’ : म्हणणे आणि सांगणे

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अगदी आरंभी जी क्रियापदे भेटतात त्यांत ‘से’ आणि ‘टेल’ ही दोन असतात. ती इतकी साधी, इतकी नित्याची, की त्यांच्यावर वेळ घालवावा असे कोणालाच वाटत नाही. कोशात पाहावे तर एकापुढे ‘म्हणणे’ असते, दुसऱ्यापुढे ‘सांगणे’ असते, आणि तेवढ्याने काम भागल्यासारखे वाटते. वस्तुतः ते भागत नाही. अनुवादाच्या कामात अवघड शब्दांनी मला क्वचितच फसविले आहे, कारण अवघड शब्दापाशी आपण थांबतो. फसविले आहे ते अशा सोप्या शब्दांनी.

या दोन शब्दांचा भेद किती गंभीर होऊ शकतो याचा प्रत्यय मला पुस्तकात नव्हे, तर शेजारच्या घरात आला.

बंगळूरच्या दक्षिण भागात जयप्रकाश नारायण यांच्या नावाने वसलेले जे. पी. नगर आहे. तेथे आमच्या शेजारी एक मराठी कुटुंब राहते. घरातील आजी पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्याच. 1638 साली विजापूरच्या सैन्याने हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून येथे मराठीचा वावर आहे. आजींची मराठी या दीर्घ सहवासाची साक्ष देते : शब्द मराठी, वळण पुष्कळदा कन्नड. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. एका सकाळी त्या तपासणीहून परतल्या आणि नातवाला म्हणाल्या, “गोळी थांबवता येईल म्हणून डॉक्टरांनी सांगितले.” इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या नातवाने परदेशातील आत्याला इंग्रजीत संदेश पाठविला : ‘डॉक्टर टोल्ड आजी टू स्टॉप द टॅब्लेट.’

आत्या घाबरली. तिने डॉक्टरांना दूरध्वनी केला. डॉक्टरांनी स्पष्ट केले की, रक्तदाब उतरला आहे, असाच राहिला तर पुढे केव्हातरी गोळी थांबवता येईल, एवढेच आपण बोललो. आज थांबवा असे मुळीच नव्हे. गोळी चालू राहिली आणि प्रकरण तेथेच मिटले. परंतु क्षणभर विचार करा. आजींनी काहीही चुकीचे सांगितले नव्हते. नातवाने एकही शब्द मनाने घातला नव्हता, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. मग एका शक्यतेची आज्ञा कोठे झाली?

शब्दांकडे पाहणारे आणि श्रोत्याकडे पाहणारे

इंग्रजीतील ‘से’ची दृष्टी उच्चारलेल्या शब्दांवर असते. कोणी काय म्हटले हे त्याला महत्त्वाचे. कोणाला म्हटले हे सांगितले नाही तरी वाक्य अडत नाही. ‘शी सेड, आय ॲम टायर्ड’ हे वाक्य पुरे आहे. श्रोत्याचा उल्लेख करायचाच असेल तर मध्ये ‘टू’ घालून त्याला थोडे दूर बसवावे लागते : ‘शी सेड टू मी’.

‘टेल’ची दृष्टी श्रोत्यावर असते. ‘शी टोल्ड मी’ यात ‘मी’ क्रियापदाला चिकटून बसतो, मध्ये काही लागत नाही. उलट, श्रोता वगळून ‘शी टोल्ड दॅट शी वॉज टायर्ड’ असे लिहिले की वाक्य लंगडे होते. भारतीय विद्यार्थ्यांच्या वह्यांत ही चूक फार आढळते. श्रोत्याविना ‘टेल’ चालतो तो काही ठरावीक प्रयोगांत : गोष्ट, सत्य, असत्य, वेळ, भेद इत्यादी.

‘टेल’चे आणखी एक वैशिष्ट्य येथे नीट ध्यानात ठेवावे. श्रोत्यानंतर ‘दॅट’ आला तर ती माहिती असते. श्रोत्यानंतर ‘टू’ आणि क्रियापद आले तर ती आज्ञा असते. ‘टोल्ड हर दॅट’ आणि ‘टोल्ड हर टू’ यांत अक्षरांचा फरक थोडा, पण अर्थाचा फरक माहिती आणि हुकूम यांच्यातील आहे.

शाळेतील व्याकरणाने हा भेद थोडासा पुसट केला आहे. रेन आणि मार्टिन यांच्या सुप्रसिद्ध व्याकरणावर आपल्याकडील कित्येक पिढ्या वाढल्या. प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करताना ‘सेड टू’च्या जागी ‘टोल्ड’ घालावे, हा नियम त्या पिढ्यांना तोंडपाठ असतो. परीक्षेपुरता तो उपयोगी आहे. परंतु त्यामुळे दोन्ही क्रियापदे एकच, फक्त वाक्यातील जागा निराळी, असा समज मनात घर करून बसतो.

मराठीची वाटणी

मराठीतही हीच दोन कामे वाटलेली आहेत. ‘म्हणणे’ शब्दांशी बांधलेले, ‘सांगणे’ श्रोत्याशी. ‘सांगणे’ म्हटले की ‘कोणाला?’ हा प्रश्न मनात उभा राहतोच. आज्ञेचा अर्थही मराठीत ‘सांगणे’कडेच आहे : ‘त्याने मला जायला सांगितले’. येथे ‘म्हटले’ घालून पाहा; वाक्य उभेच राहत नाही.

व्याकरणही या वाटणीला दुजोरा देते. ‘तिने गोष्ट सांगितली’ यात क्रियापद गोष्टीमागे जाते. सांगितलेली वस्तू सांगणाऱ्यापासून सुटी होऊन ऐकणाऱ्याच्या हाती पडते. ‘ती म्हणाली’ यात क्रियापद बोलणारीपाशीच राहते. ‘तिने म्हटले’ असेही रूप मराठीत आहे. पण ‘सांगणे’ला मात्र ‘ती सांगाली’ असे रूप मुळीच नाही.

शब्दसंपत्तीतही दोन्ही भाषांचे साम्य मौजेचे आहे. ‘से’पासून इंग्रजीत लोकोक्तीसाठी ‘सेइंग’ झाले, तसे ‘म्हणणे’पासून मराठीत ‘म्हण’ झाली. अंदाजाने आकडा द्यायचा असता इंग्रज ‘से टेन’ म्हणतो, आपण ‘दहा म्हणा’ म्हणतो. ‘टेल’चा जुना अर्थ मोजणे असा होता. बँकेत पैसे मोजून देणाऱ्याला ‘टेलर’ म्हणतात ते त्यामुळे. जर्मन भाषेत मोजण्याला ‘त्सेलेन’ आणि गोष्ट सांगण्याला ‘एर्त्सेलेन’ म्हणतात. मोजणे आणि कथन करणे यांचे हे नाते आपल्याला परके वाटू नये; संस्कृतात ‘संख्या’ आणि ‘आख्यान’ हे दोन्ही शब्द ‘ख्या’ या एकाच धातूचे आहेत. एकामागून एक घटना ओळीने मांडणे म्हणजेच गोष्ट सांगणे.

तथापि साम्यावर फार विसंबू नये, कारण सीमारेषा तंतोतंत जुळत नाहीत. आपण गाणे म्हणतो, पाढे म्हणतो, श्लोक म्हणतो. इंग्रजीत प्रार्थनेला ‘से’ चालतो, गाण्याला चालत नाही. एखाद्या वस्तूला ‘काय म्हणतात’ असे आपण विचारतो, तेथे इंग्रजीला ‘कॉल’ लागतो. उलट इंग्रजीत घड्याळ आणि पाटी दोन्ही ‘से’ करतात. मराठीत घड्याळात वाजलेले असतात आणि पाटीवर लिहिलेले असते. ‘आय कान्ट टेल’ याचा अर्थ ‘मी सांगू शकत नाही’ असा करून चालत नाही. बहुधा तो ‘मला ओळखता येत नाही’ असा असतो. शिवाय मराठीजवळ तिसरे क्रियापद आहे, ‘बोलणे’. प्रमाण मराठीत ते संभाषणाचे वा उच्चाराचे. मुंबईकडे मात्र ‘मी त्याला बोललो’ असे म्हणून तेच ‘म्हणणे’चेही काम करू लागले आहे.

कन्नडच्या शेजारी

आता आजींच्या वाक्याकडे परत येऊ. ‘गोळी थांबवता येईल म्हणून डॉक्टरांनी सांगितले.’ पुण्याचा माणूस हेच बहुधा ‘डॉक्टरांनी सांगितले की’ असा आरंभ करून म्हणेल. आजींच्या वाक्याचा साचा कन्नडमध्ये जसाच्या तसा सापडतो : ‘मात्रे निल्लिसबहुदु अंत डॉक्टर हेळिदरु.’ शब्दाखाली शब्द ठेवून पाहा. ‘मात्रे’ म्हणजे गोळी, ‘निल्लिसबहुदु’ म्हणजे थांबवता येईल, ‘अंत’ म्हणजे म्हणून, ‘हेळिदरु’ म्हणजे सांगितले. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही.

कन्नडमध्ये ‘हेळु’ हे एकच क्रियापद म्हणणे आणि सांगणे या दोहोंचे काम करते. गाणेसुद्धा ‘हेळु’नेच म्हणतात. परंतु दुसऱ्याचे शब्द बांधून घेण्यासाठी ‘अन्नु’ या निराळ्या क्रियापदाची रूपे हाताशी असतात. मराठी वाचकाला ती पाहून आपल्याच घरची ओळख पटेल. ‘अंत’ला आपले ‘म्हणून’, ‘अंदरे’ला आपले ‘म्हणजे’, आणि ऐकीव गोष्टीमागे लागणाऱ्या ‘अंते’ला आपले ‘म्हणे’. ‘तो मुंबईला गेला म्हणे’ या वाक्यातील ‘म्हणे’ बोलणाऱ्याला जबाबदारीतून मोकळे करते : मी ऐकले ते देतो, खरेखोटे मला ठाऊक नाही. इंग्रजीत हेच काम ‘दे से’ करते.

शेजारी भाषांची वाक्ये अशी एकाच साच्यात बसावीत हे नवल नव्हे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी तेथील बोलींवर 1971 साली प्रसिद्ध केलेला लेख भाषाशास्त्रात गाजला. शब्द वेगवेगळे राहूनही या बोलींची वाक्यरचना इतकी एकरूप झाली होती की, एका बोलीतील वाक्य दुसरीत नेण्यासाठी शब्दाच्या जागी शब्द ठेवला की पुरे, असे त्यांनी दाखवून दिले. आजींची मराठी याच जातीची आहे.

आणि येथेच नातवाच्या चुकीचे मूळ सापडते. आजींच्या वाक्यात दोन्ही क्रियापदे आहेत आणि प्रत्येकाला आपापले काम आहे. ‘म्हणून’ने डॉक्टरांचे शब्द गाठोड्यात बांधले, ‘सांगितले’ने ते गाठोडे आजींच्या हाती दिले. गाठोड्यात होते काय? ‘थांबवता येईल’, म्हणजे शक्यता. इंग्रजीत अशी जोडी एकत्र नांदत नाही. एकाची निवड करावी लागते. नातवाने शेवटचा शब्द धरला, त्याचे ‘टोल्ड’ केले. ‘म्हणून’ हा त्याच्या लेखी निव्वळ जोडशब्द, तो गळला. तो गळताच गाठोडे सुटले, ‘येईल’ सांडले, आणि ‘टोल्ड’पुढे सवयीने ‘टू’ आला. ‘द डॉक्टर सेड द टॅब्लेट कुड बी स्टॉप्ड’ असे त्याने लिहिले असते, किंवा ‘टोल्ड हर दॅट’ असे लिहून ‘कुड’ राखले असते, तर आत्येला दूरध्वनी करावा लागला नसता.

शब्दांची जबाबदारी

हा धडा औषधाच्या गोळीपुरता नाही. दुसऱ्याचे बोलणे आपण जेव्हा पुढे देतो तेव्हा दोन गोष्टींची जबाबदारी पत्करतो : ते शब्द काय होते आणि ते कोणत्या वजनाने उच्चारले गेले होते.

‘सांगितले’ या शब्दात एक सूक्ष्म मान्यता असते. ‘त्याने मला सांगितले की दार उघडे होते’ असे म्हणताना दार उघडे होते हे बोलणाराही जवळजवळ गृहीत धरतो. ‘दार उघडे होते असे तो म्हणाला’ या वाक्यात ती मान्यता नाही. शब्द त्याचे, जबाबदारीही त्याची. महाराष्ट्रातील न्यायालयांनी हा भेद नेमका जपला आहे. एका पक्षाने अर्ज केला की दुसऱ्या पक्षाचे ‘म्हणणे’ मागवितात. वकिलांच्या तोंडी त्यालाच ‘से’ असे नाव आहे. ‘से दाखल केला’ हे वाक्य तेथे रोज ऐकू येते. त्याला कोणी ‘सांगणे’ म्हणत नाही, कारण त्याचा खरेपणा अजून ठरायचा असतो.

अनुवादकाने हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. इंग्रजी पुस्तकात पानोपानी ‘सेड’ येतो. त्याची पुनरुक्ती मराठी कानाला टोचते, म्हणून अनुवादक कोठे ‘सांगितले’, कोठे ‘उद्‌गारला’, कोठे ‘स्पष्ट केले’ असे शब्द पेरीत जातो. मीही ते पुष्कळ वर्षे केले. एकदा एका साक्षीच्या प्रसंगाचा अनुवाद तपासताना माझ्या लक्षात आले की, मूळ लेखकाने जाणीवपूर्वक सर्वांना एकच कोरडा ‘सेड’ दिला होता, कोणावर विश्वास ठेवायचा हे वाचकावर सोपविले होते. आणि मी एका साक्षीदाराला ‘म्हणाला’ व दुसऱ्याला ‘सांगितले’ देऊन नकळत निकाल लावून मोकळा झालो होतो. ते पान मी पुन्हा लिहिले. सगळीकडे ‘म्हणाला’ आले. पान थोडे रुक्ष झाले, पण खरे झाले.

वाचकाने स्वतःपुरता एक साधा प्रयोग करून पाहावा. दिवसभरात ऐकलेले एखादे बोलणे रात्री घरी सांगताना आपल्या तोंडी ‘म्हणाले’ येते की ‘सांगितले’, आणि त्यापुढे ‘की’ येते की ‘करायला’, हे न्याहाळावे. बोलणाऱ्याने शक्यता बोलून दाखविली होती की माहिती दिली होती की आज्ञा केली होती, हे मनाशी ठरवून मग क्रियापद निवडावे. इंग्रजीत लिहिताना तोच प्रश्न पुन्हा विचारावा. शब्द पाहायचे असतील तर ‘से’. श्रोता पाहायचा असेल तर ‘टेल’. आणि ‘टेल’नंतर ‘टू’ लिहिण्यापूर्वी, खरोखर कोणी हुकूम दिला होता काय, हे एकदा तपासावे.

आजींचा नातू आता तसे करतो. परवा त्याने मला जिन्यात थांबवून विचारले, “काका, ‘आई ओरडेल म्हणून बाबांनी सांगितले’ याला इंग्रजीत ‘से’ की ‘टेल’?” मी म्हणालो, “आधी सांग, ते तुला बजावत होते की नुसते म्हणत होते?” तो थोडा विचारात पडला, आणि मग घरात विचारायला गेला.