पुढच्या शॉकअपचे तेल घरी बदलावे का?

प्रश्न : माझी १२५ सीसी मोटारसायकल ब्रेक मारला की पुढून एकदम खाली बसते. शॉकअपचे तेल घरी बदलता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी पाइप पुसून एक चक्कर मारून या. पाइपवर तेलाचे ओले कडे दिसले तर सील गेले आहे. नुसते तेल बदलणे म्हणजे पैसे पाण्यात.

पाइप कोरडे असतील तर गाडी मेनस्टँडवर घेऊन इंजिनखाली भक्कम आधार द्या; पुढचे चाक अधांतरी हवे. वरचा नट शॉकअप गाडीत कसलेला असतानाच ढिला करा, बाहेर काढल्यावर तो पकडायला जमत नाही. शेवटच्या आट्यांना तोंड बाजूला ठेवा, खाली स्प्रिंग दाबलेली असते. जुने तेल करडे, उग्र वासाचे निघते. शॉकअप पालथा धरून पाइप आत-बाहेर करत राहा, बरेच तेल आत दडून बसते. नवे तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडचे घ्या. घरात उरलेले इंजिन ऑइल नको. दोन्हीकडे मापून सारखेच ओता. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज यासाठी उत्तम. आणि डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर थेंबही उडता कामा नये.