मदतनीस मोटार

बाजार उरकून रात्री घरी येताना गाडीवानाला डुलकी लागते. पण बैल वाट सोडत नाहीत. गाडी बरोबर अंगणात येऊन उभी राहते. लहानपणी आम्ही अशा गाडीतून पुष्कळदा आलो आहोत. बैलालाही जिवाची भीती असते. पुढे खड्डा दिसला की तो आपणहून थांबतो.

आता मोटारीलाही डोळे आले आहेत. नव्या मोटारींत पुढच्या काचेच्या आत एक लहानसा कॅमेरा असतो. काहींत पुढच्या बाजूला रडार नावाचे यंत्रही असते. पुढची गाडी हळू झाली की ही पण हळू होते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे पाहून त्यांच्या मधून चालते. चालकाला उशीर झाला तर ब्रेकही लावते. यंत्र चांगले आहे. पण तो मदतनीस आहे, चालक नव्हे.

अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात ७ मे २०१६ रोजी एक अपघात झाला. मोटार टेस्ला कंपनीची होती. प्रवास ४१ मिनिटांचा. त्यांतली ३७ मिनिटे मोटार यंत्राच्या हवाली होती. तेवढ्या वेळात चालकाचे हात चाकावर किती वेळ होते? अवघे २५ सेकंद! मोटारीने इशारे दिले होते. तेवढ्यात एक मालमोटार वळून रस्ता ओलांडू लागली. आडवी येणारी गाडी ओळखावी, अशी त्या यंत्राची घडणच नव्हती. यंत्राने ब्रेक लावला नाही. चालकानेही लावला नाही. तो प्राणास मुकला. मालमोटारवाल्याने वाट द्यायला हवी होती, हे खरे. यंत्राने चालकाला इतका वेळ बेफिकीर राहू दिले, असा ठपका सरकारी चौकशीत कंपनीवरही आला.

आता थोडे गणित करू. आपल्या समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. म्हणजे १,२०,००० मीटर. तासाचे सेकंद ३,६००. भागाकार केला तर सेकंदाला ३३ मीटर येतात. मोबाईलवर कोणाचा निरोप आला, हे पाहायला तीन सेकंद तरी जातात. तेवढ्यात शंभर मीटर रस्ता न पाहताच मागे पडला!

परवा आमचा एक जुना विद्यार्थी अशाच मोटारीतून आम्हांला शिर्डीला घेऊन गेला. “गुरुजी, बघा,” म्हणून त्याने दोन्ही हात सोडले. आमच्या पोटात गोळाच आला. मोटार त्याची, पण जीव आमचाही होता ना!

आम्ही म्हटले, “अरे, पट्टे पुसलेले असले तर? पुढे दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असली तर?”

तो हसला. पण हात त्याने चाकावर ठेवले. पुढे महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागलो. तिथे पट्टेच नव्हते. यंत्राने बारीकसा आवाज केला आणि काम सोडून दिले.

उदाहरण : गावातून एक मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाते. एका सेकंदात ती किती मीटर जाईल? पाटीवर मांडून पाहा.