खरं बोललो, पण तप झालं का? (गीता, अध्याय १७, श्लोक १५)



आजचं चिंतन सतराव्या अध्यायातल्या पंधराव्या श्लोकावर. गीता हाताशी असेल तर श्लोक उघडून समोर ठेवा. चौदा, पंधरा आणि सोळा हे तीन श्लोक सलग वाचायचे आहेत. पहिल्यात शरीराचं तप, दुसऱ्यात वाणीचं, तिसऱ्यात मनाचं.

आधी थोडं मागे जाऊ. सोळावा अध्याय संपताना भगवंत म्हणतात की काय करावं आणि काय करू नये हे ठरवायला शास्त्र प्रमाण मान. विषय संपला असं वाटतं. पण सतराव्याच्या पहिल्याच श्लोकात अर्जुन विचारतो: देवा, जे शास्त्राचे नियम बाजूला ठेवतात पण श्रद्धेने भजतात, त्यांचं काय? मला हा प्रश्न फार आपल्यातला वाटतो. आपल्यापैकी किती जणांनी शास्त्र शिकलंय? घरात जे पाहिलं, यूट्यूबवर जे कीर्तन ऐकलं, आजीने जे सांगितलं, त्यावर आपलं चाललंय. भगवंत यावर ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असं एका शब्दात उत्तर देत नाहीत. ते म्हणतात, श्रद्धाही तीन प्रकारची असते, ती कुठली आहे ते बघ. मग आहार, यज्ञ, तप, दान, सगळं तीन-तीन प्रकारांत मांडून दाखवतात. म्हणजे बरोबर-चूक ठरवायला नियम आहेच, पण नियम पाळणारा आतून कसा आहे हेही तपासायचं.

आता आपला श्लोक. वाणीचं तप म्हणजे काय? ज्या बोलण्याने समोरचा अस्वस्थ होत नाही, जे सत्य आहे, प्रिय आहे आणि हिताचं आहे, असं बोलणं. शिवाय स्वाध्यायाचा सराव. आदि शंकराचार्य इथे एक बारीक गोष्ट दाखवतात. ही चारही विशेषणं एकत्र घ्यायची. एक जरी गळलं तरी ते वाणीचं तप होत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा अँड गेट आहे. चारही इनपुट एक असतील तरच आउटपुट एक. आणि आपण तो रोज ऑर गेटसारखा वापरतो. ‘मी स्पष्टवक्ता आहे बाबा, खरं ते बोलतो, लागलं तर लागलं.’ एक इनपुट हाय, बास, तप झालं! किंवा उलट, मीटिंगमध्ये सगळ्यांना गोड वाटेल असं बोलायचं, क्लायंटला ‘शुक्रवारपर्यंत होऊन जाईल’ म्हणायचं, आणि आत सगळ्यांना माहीत असतं की होणार नाही. प्रिय आहे, कुणी अस्वस्थही झालं नाही. सत्य कुठे गेलं?

यातलं सगळ्यात घसरडं इनपुट मात्र ‘हित’. ‘तुझ्या भल्यासाठीच बोलतोय’ हे वाक्य मराठी घरांमध्ये जितकं वापरलं जातं, तितकं दुसरं क्वचितच कुठलं असेल. हित कुणाचं, आणि ते ठरवणार कोण, याचा विचार न करता.

ज्ञानोबा माऊली या श्लोकावर काय म्हणतात ते बघा. दोन दृष्टांत आहेत. पहिला परिसाचा. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण त्यासाठी लोखंडाचा तुकडा तोडत नाही, त्याचं वजन कमी करत नाही. तसं बोलणं. समोरचा बदलला पाहिजे, पण त्याचा लचका निघता कामा नये. दुसरा दृष्टांत पाण्याचा. पाणी मुळात झाडासाठी सोडलेलं असतं, पण जाता जाता आजूबाजूचं गवतही त्यावर जगतं. तसं एकाला उद्देशून बोललेलं सगळ्यांच्या हिताचं व्हावं.

हा दुसरा दृष्टांत वाचला की मला कोड रिव्ह्यू आठवतो. कमेंट एका माणसाच्या कोडवर असते, पण वाचते सगळी टीम. नवीन लागलेला फ्रेशर तर सगळ्यात मन लावून वाचतो, कारण इथे चुकलं की काय होतं हे तो त्यावरून शिकत असतो. ‘इथे नल आला तर क्रॅश होईल, वर एक चेक टाकूया का’ ही कमेंट झाडालाही पाणी घालते आणि गवतालाही. ‘हे कोणी लिहिलंय?’ या कमेंटनेही सगळे शिकतात, पण काय शिकतात? कोड लपवायला. (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणाऱ्या गिटच्या कमांडचं नावच ‘ब्लेम’ आहे, यावर वेगळं चिंतन होऊ शकेल.)

आता भाषेकडे येतो, कारण आपल्या मराठी मंडळींत बरोबर-चूक या विषयावर सगळ्यात जास्त तलवारी तिथेच निघतात. दर रविवारी सकाळी आम्ही काही जण व्हिडिओ कॉलवर ज्ञानेश्वरी वाचतो. प्रत्येकाने दहा ओव्या वाचायच्या. लिंक पाठवायचं काम माझ्याकडे असतं. मागच्या वर्षी अमरावतीकडची एक मुलगी यायला लागली, पुण्यात नोकरी करणारी. वाचायची मनापासून. पण वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, तो तिच्या वाचनात यायचा. ‘सकळ’चं ‘सकय’. एका रविवारी तिचं वाचन चालू असतानाच एका गृहस्थांनी मध्येच माइक चालू केला आणि म्हणाले, ‘ताई, आधी उच्चार शुद्ध करा, मग ग्रंथाला हात लावा.’ कॉलवर शांतता. तिने उरलेल्या ओव्या वाचल्या, म्यूट झाली, आणि पुढचे तीन रविवार आलीच नाही.

मी फोन केला तेव्हा म्हणाली, ‘दादा, ते बरोबरच बोलले ना. माझा ळ लागतच नाही.’

मला तेच जास्त लागलं. कारण गृहस्थ खोटं बोलले नव्हते. सत्याचं इनपुट हाय होतं. बाकीची तीन तपासा. ती अस्वस्थ झाली. प्रिय तर नव्हतंच. आणि हित? एका वाक्याने एक माणूस ज्ञानेश्वरीपासून तुटला, यात कुणाचं हित झालं? ग्रंथाचं?

इथे लगेच कुणी म्हणेल, मग पोथी कशीही वाचायची का? नाही. ग्रंथाच्या शुद्धतेला आपल्या परंपरेत मोठा मान आहे, आणि तो असायलाच हवा. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. पुढे हाताने नकला करता करता पाठ बिघडत गेले, कुणी आपल्या ओव्याही घुसवल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथ महाराजांनी प्रती तपासून ग्रंथ शुद्ध केला. शेवटी बजावलंही की यात कुणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवल्यासारखं होईल. किती कडक शब्द! पण ते कुणा वाचणाऱ्याच्या जिभेबद्दल नाहीत. ते पाठाबद्दल आहेत. पुढच्या वाचणाऱ्याला माऊलींचेच शब्द मिळावेत म्हणून आहेत.

आणि मूळ ग्रंथच बघा ना. ज्या काळात ज्ञान म्हणजे संस्कृत असं समीकरण होतं, त्या काळात माऊलींनी नेवाशाला गीता मराठीत सांगितली. साधारण त्याच काळात महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी आपल्या शिष्याला संस्कृतात लिहू नकोस असं बजावल्याची आठवण ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आहे. कारण काय, तर माझ्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील. कुठली भाषा योग्य, हे त्यांनी व्याकरणावरून ठरवलं नाही. कोण ऐकणार आहे आणि कोण बाहेर राहणार आहे, यावरून ठरवलं.

शुद्धलेखनाचंही तसंच. साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले. त्याआधी एका घरासाठीसुद्धा ‘घरांत’ असा अनुस्वार देणं शुद्ध होतं. आता तो अनुस्वार दिला तर घरं अनेक होतात. आजोबांचा अनुस्वार नातवाच्या वहीत चूक ठरतो. याचा अर्थ नियम फालतू आहेत असा नाही. सगळ्यांनी एकसारखं लिहिलं की वाचणाऱ्याला सोपं जातं, म्हणून ते आहेत. टीममध्ये आपण फॉरमॅटर लावतो तसंच. पण फॉरमॅटर कुणाला ‘तू अशुद्ध आहेस’ असं म्हणत नाही. स्पेस सरकवतो आणि गप्प बसतो. आपण मात्र ‘ण’चा ‘न’ ऐकला की माणसाचं गाव, जात, शाळा, सगळं मनात मांडून मोकळे होतो. ‘शुद्ध’ हा शब्द अक्षरावरून माणसावर कधी सरकतो ते कळतही नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगतो. आमच्या ग्रुपमध्ये साताऱ्याच्या एक काकू आहेत, सत्तरीच्या. त्यांनी तिला निरोप धाडला: ‘माऊली, माझे डोळे आता साथ देत नाहीत. माझ्या दहा ओव्या तू वाचशील का? मी आधी तोंडपाठ म्हणते, तू माझ्या मागून पोथीत बघून म्हण.’ आता दर रविवारी दोघी मिळून वाचतात. काकू पुढे, ती मागे. ‘ळ’ आपोआप लागायला लागलाय, नव्वद टक्के तरी. काकूंनी ‘उच्चार’ हा शब्द एकदाही काढलेला नाही. परीस लोखंड तोडत नाही म्हणजे काय, ते मला तिथे दिसलं.

पण एक मोठा धोका आहे, आणि तो न सांगता हा श्लोक सोडणं मला बरोबर वाटत नाही. ‘प्रिय बोला’ याचा वापर तोंड बंद करायला फार सोपा आहे. ऑफिसात कुणी ‘तीन शनिवार झाले, सुट्टी नाही’ म्हटलं की उत्तर येतं, ‘मुद्दा बरोबर आहे, पण टोन नीट ठेव.’ घरात सून काही बोलली की ‘मोठ्यांशी असं बोलतात का?’ मुद्दा राहतो बाजूला, चर्चा सुरू होते स्वराची. गीतेला हे अपेक्षित असेल?

मला तसं वाटत नाही, आणि याला आधार गीतेतच आहे. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत अर्जुनाला काय काय बोललेत ते वाचा. हे तुला शोभत नाही, हा दुबळेपणा टाक. रडणाऱ्या मित्राला! हे अनुद्वेगकर आहे का? माऊली तिथे सुंदर उलगडा करतात. आईच्या रागाआड माया दडलेली असते, औषधाच्या कडूपणात अमृत असतं, तसे ते शब्द वरून रुक्ष आणि आतून अतिशय रसाळ. म्हणजे प्रिय म्हणजे गुळचट नव्हे. कडूही चालतं, पण आत माया खरोखर असायला हवी, नुसता तसा दावा नको. आणि भगवंत तेवढं बोलून निघून गेले नाहीत हेही बघा. पुढे सतरा अध्याय ते अर्जुनाच्या प्रश्नांना उत्तरं देत तिथेच थांबले. कुणाला कडू बोलण्याआधी मी स्वतःला हेच विचारतो: याच्यासोबत पुढचे सतरा अध्याय बसायची माझी तयारी आहे का?

दुसरं म्हणजे, या सगळ्या यादीला भगवंतांनी नाव काय दिलंय? तप. तप ज्याचं त्याने करायचं असतं. मी उपास धरला म्हणून शेजाऱ्याचं ताट ओढत नाही. तसंच ही चार इनपुट माझ्या तोंडाला लावायची, समोरच्याच्या नाही. तीन शनिवार काम करून थकलेल्या माणसाला ‘तुझं बोलणं प्रिय नव्हतं’ असं सुनावणारा मॅनेजर श्लोक उलटा धरून वाचतोय. त्याच्या वाट्याचं तप वेगळं आहे: जे सत्य कानावर आलंय ते न चिडता ऐकून घेणं. बाराव्या अध्यायात भक्ताचं लक्षण सांगताना हाच ‘उद्वेग’ दोन्ही बाजूंनी येतो. ज्याच्यामुळे लोक अस्वस्थ होत नाहीत, आणि जो लोकांमुळे अस्वस्थ होत नाही.

आजचा श्लोक झाल्यावर १७ ते १९ हेही वाचा. तिथे याच तपाचे तीन प्रकार येतात. फळाची आस न धरता केलेलं सात्त्विक, मान मिळावा म्हणून दिखाव्याने केलेलं राजस, आणि स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याला उद्ध्वस्त करण्यासाठी केलेलं तामस. वाणीला लावून बघा. तेच खरं वाक्य, तेच शब्द. एकदा माणूस सुधारावा म्हणून, एकदा ‘बघा मी किती निर्भीड’ म्हणून, एकदा त्याला संपवायला म्हणून. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात, लॉगमध्ये फरक सापडणार नाही. तो बोलणाऱ्यालाच माहीत असतो, आणि बरेचदा एंटर दाबायच्या आधीच माहीत असतो.

उद्या श्लोक १६, मनाचं तप. वाचताना एक गंमत शोधा: मौन वाणीच्या यादीत नाही, ते मनाच्या यादीत आहे. तोंड मिटून आत भांडण चालू असलेल्या माणसाचं काय, यावर उद्या बोलू. तोवर तुमच्याकडे काकूंसारखं कुणी असेल तर मला जरूर कळवा.

राम कृष्ण हरी!