राख आणि कोळसा : शेतजमिनीविषयी एक पाठ

कापसाची वेचणी संपली की पुष्कळ गावी पऱ्हाट्या व तुराट्या बांधावर रचून पेटविल्या जातात. दुसऱ्या दिवशी तेथे पांढरी राख उरते आणि तीही वाऱ्यावर उडून जाते. पिकाने अनेक महिने हवेतून घेऊन साठविलेला कर्ब एका रात्रीत पुन्हा हवेत मिसळतो. हे नुकसान टाळता येते, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा उद्देश होय.

वाळलेले काडीकाष्ठ अपुऱ्या हवेत साधारणतः ३५० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले असता त्याची राख न होता कोळसा होतो. असा कोळसा जमिनीत मिसळण्यासाठी तयार केला म्हणजे त्यास बायोचार म्हणतात. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी व अन्नद्रव्ये धरून ठेवली जातात. शेणखत काही हंगामांत कुजून जाते. या कोळशाचा बराचसा भाग मात्र शेकडो वर्षे मातीत टिकतो.

याचे प्रमाण दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात मिळते. अतिवृष्टीने तेथील जमीन निकस झालेली आहे. परंतु प्राचीन वस्त्यांच्या जागी काळी, सुपीक माती आढळते. कोळसा, हाडे, खापरे व कचरा मिसळून ती बनली. पोर्तुगीज भाषेत तिला ‘तेरा प्रेता’, म्हणजे काळी माती, असे नाव आहे. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रूक यांनी १९६६ साली आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. महाराष्ट्रातील काळी जमीन मात्र बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली आहे, हा भेद मुलांस अवश्य सांगावा.

प्रात्यक्षिक : वस्तीपासून दूर, निवाऱ्याच्या जागी, वर रुंद व खाली निमुळता असा खड्डा खणावा. वाळलेल्या काड्या वरून पेटवाव्यात. काड्यांवर राखेची पांढरी झाक दिसू लागताच त्यांवर नवा थर घालावा. शेवटी भरपूर पाणी ओतून विस्तव पूर्णपणे विझवावा. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे. मुलांनी दुरून पाहावे. कोळसा ओलसर असतानाच कुटावा, म्हणजे पूड नाकातोंडात जात नाही.

कोळसा हे खत नव्हे. तो तसाच मातीत घातल्यास आरंभी पिकाचे नत्र अडवू शकतो. म्हणून शेणखतात किंवा गोमूत्रात काही आठवडे मुरवून मग घालावा. तो बहुधा अल्कधर्मी असतो. कोकणातील आम्ल जांभ्या जमिनीस तो विशेष उपकारक ठरण्याचा संभव आहे. चुनखडीच्या जमिनीत प्रथम लहानशा वाफ्यावरच प्रयोग करावा.

जे गुरांच्या वैरणीस अथवा घरच्या चुलीस लागते, ते यासाठी घेऊ नये. जे व्यर्थ जळणार, तेवढेच घ्यावे. शाळेच्या बागेत कोळशाचा एक व बिनकोळशाचा एक असे दोन वाफे शेजारी ठेवून मुलांकडून नोंदी ठेवविल्यास, पुढील हंगामात पऱ्हाटी पेटण्यापूर्वी एखादा विद्यार्थी आपल्या वडिलांस प्रश्न विचारील. पाठाचे सार्थक त्यातच आहे.