प्रश्न तुमचे : महागडा खेळाडू आला म्हणजे संघ उभा राहिला का?

प्रश्न : दर उन्हाळ्यात युरोपातले फुटबॉल क्लब खेळाडूंवर कोट्यवधी पौंड ओततात. आम्हा मित्रांत त्यावरून कडाक्याचे वाद होतात. पण किंमत आणि नाव बाजूला ठेवलं, तर एखाद्या क्लबचं खरेदी-विक्रीचं धोरण बरोबर आहे की नाही हे कशावरून ओळखायचं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघणाऱ्याला निम्मं उत्तर आधीच ठाऊक असतं. नवा गडी आला की तो कुणाच्या जागी खेळणार, हे आधी विचारायचं. युरोपातही हाच प्रश्न पहिला. किंमत नंतर.

जानेवारी 2018 चंच बघा. ब्राझीलचा फिलिप कुटिन्यो लिव्हरपूलमधून बार्सिलोनाला गेला. पुढच्या अटींची रक्कम धरून हा व्यवहार सुमारे 14 कोटी पौंडांचा होता. लिव्हरपूलच्या चाहत्यांना वाटलं, संघाचा जीवच विकला. पण त्याच्या काही दिवस आधी, डिसेंबरच्या अखेरीस, क्लबने साउथॅम्प्टनच्या व्हर्जिल व्हॅन डाइकचा करार जाहीर केला होता. बचावपटूसाठी साडेसात कोटी पौंड ही तेव्हाची विक्रमी रक्कम, त्यामुळे टीकाही भरपूर झाली.

या खरेदीत मला सर्वांत मोलाची वाटते ती आधीची सहा महिन्यांची वाट. 2017 च्या उन्हाळ्यातच लिव्हरपूलला व्हॅन डाइक हवा होता. परवानगीशिवाय खेळाडूशी संपर्क साधल्याची तक्रार साउथॅम्प्टनने केली, तेव्हा लिव्हरपूलला जाहीर माफी मागून माघार घ्यावी लागली. बचाव कच्चा आहे हे सगळ्यांना दिसत होतं. तरी क्लबने दुय्यम पसंतीचा महागडा बचावपटू घेऊन वेळ मारून नेली नाही. अर्धा हंगाम गोल खाल्ले आणि जानेवारीत हवा तोच माणूस आणला. खेळाडू-खरेदीची मुदत, म्हणजे विंडो, बंद होताना हात रिकामे ठेवायला धैर्य लागतं, आणि ते फार थोड्या क्लबांकडे असतं.

2018 च्याच मे महिन्यात कीव्हमध्ये चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी लिव्हरपूल रेआल माद्रिदकडून 3-1 हरलं. गोलरक्षक लोरिस कारियसच्या दोन ढोबळ चुका त्या रात्री साऱ्या जगाने पाहिल्या. दोनच महिन्यांत रोमाचा गोलरक्षक अलिसन आला. कुटिन्योच्या जागी मात्र तसाच दुसरा खेळाडू घेतलाच नाही, कारण गळती आघाडीफळीत नव्हती.

आता बार्सिलोनाकडे वळू. 2017 मध्ये नेमार 22.2 कोटी युरोंना पॅरिसला गेला. हाती एवढी रक्कम आल्याचं विकणाऱ्या प्रत्येक क्लबला माहीत होतं, त्यामुळे किमती चढल्या. आधी उस्मान डेम्बेले, मग कुटिन्यो, 2019 मध्ये 12 कोटी युरोंना आंत्वान ग्रीझमन. यातला एकही खेळाडू वाईट नव्हता. पण कुटिन्यो खुलतो मधल्या फळीच्या पुढे, मोकळेपणाने. बार्सिलोनाच्या मांडणीत तशी जागाच नव्हती, म्हणून तो बहुधा डाव्या कडेला खेळला. नंतर त्याला बायर्न म्युनिकला उसना दिला आणि ऑगस्ट 2020 मध्ये बायर्नने बार्सिलोनाला 8-2 हरवलं, त्यात शेवटचे दोन गोल त्याचेच. वर्षभरात बार्सिलोनाचं कर्ज शंभर कोटी युरोंच्या वर गेल्याचं समोर आलं आणि लिओनेल मेस्सीला सोडावं लागलं.

लिव्हरपूल आणि बार्सिलोना 7 मे 2019 ला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीच्या दुसऱ्या सामन्यात, लिव्हरपूलच्या घरच्या अ‍ॅनफिल्डवर, समोरासमोर आले. पहिल्या सामन्यात लिव्हरपूल 3-0 ने मागे, त्यात आघाडीचे मोहम्मद सलाह आणि फिर्मिनो जखमी. तरी लिव्हरपूल 4-0 ने जिंकलं. दोन गोल दिवॉक ओरिगीचे, जो एरवी राखीवच असायचा. दोन जॉर्जिनिओ वाइनाल्डमचे, जो मध्यंतरानंतर मैदानात उतरला. चौथ्या गोलचा झटपट कॉर्नर मारला क्लबच्याच अकादमीत घडलेल्या ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्डने. कुटिन्यो पहिल्या अकरात होता. तासाभराने त्याला बाहेर काढलं. म्हणून संघ जोखताना बारावा ते अठरावा खेळाडू कोण आहे, हेही बघा.

निकाल द्यायची घाई मात्र नको. अँडी रॉबर्टसन 2017 मध्ये खालच्या विभागात घसरलेल्या हल सिटीकडून 80 लाख पौंडांना आला आणि पहिले काही महिने बहुतेक वेळ बाहेरच बसला. तेव्हा मत दिलं असतं तर ते साफ चुकलं असतं. मी तरी दोन हंगामांआधी कुणाला फसलेला म्हणत नाही.

पैशांचा हिशेबही समजून घ्यायला हवा. 10 कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर वहीत दरवर्षी 2 कोटी खर्च पडतो. चेल्सीने आठ-साडेआठ वर्षांचे करार करून हा वार्षिक बोजा हलका दाखवला, तेव्हा 2023 मध्ये युएफाने ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली. अकादमीतला खेळाडू विकला की जवळपास सगळी रक्कम नफा म्हणून धरली जाते, म्हणून घरची पोरं विकायचा मोह होतो. काही व्यवहार तर वहीसाठीच होतात, असं माझं मत आहे. 2020 मध्ये बार्सिलोनाने 23 वर्षांचा आर्थर युव्हेंटसला दिला आणि तिथून 30 वर्षांचा प्यानिच घेतला. मैदानावर यातून कोणाचंच भलं झालं नाही.

शहाणा क्लब कायम शहाणाच राहतो असंही नाही. 2020 च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलने डेयान लोव्हरेनला विकलं, पण त्याच्या जागी सेंटर बॅक घेतला नाही. ऑक्टोबरमध्ये व्हॅन डाइकचा गुडघा गेला, पाठोपाठ जो गोमेझ आणि जोएल माटिपही जायबंदी झाले. 99 गुण मिळवून लीग जिंकलेला संघ पुढच्याच हंगामात अ‍ॅनफिल्डवर लीगचे सलग सहा सामने हरला. ती चूक खेळाडूंची नव्हती, बचावातली उणीव उन्हाळ्यातच दिसत होती.

तेव्हा पुढची विंडो उघडायच्या आधी मित्रांसोबत बसून तुमच्या क्लबचे पंचवीसही खेळाडू कागदावर मांडा. प्रत्येकापुढे वय, करार संपायचं वर्ष आणि तो जखमी झाला तर कोण खेळणार, एवढंच लिहा. जिथे तिसरा रकाना कोरा राहील, तिथे क्लबने काय केलं ते विंडो बंद झाल्यावर तपासा. आणि तुमची यादी आम्हाला जरूर पाठवा.