आवृत्तीचा आकडा सारखा, फाइल वेगळी

एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या वसाहतीत राहून मी एका मुक्त सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या तयार करतो. मागच्या आवृत्तीचं बिल्ड मी घरी केलं, तेच पुण्यातल्या सहकाऱ्याने त्याच्या मशीनवर केलं. कमिट तोच, कंपायलरही तोच. तरी दोन फाइलींचे चेकसम जुळेनात.

डिफोस्कोप हे फाइलींतला फरक दाखवणारं साधन लावून पाहिलं, तेव्हा फरक तीन जागी निघाला. डेट आणि टाइम या मॅक्रोंमुळे बिल्डची वेळ फाइलमध्ये उतरली होती. डीबगच्या माहितीत ज्याच्या-त्याच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता होता. तिसरा फरक थेट व्हर्जनच्या ओळीत: माझ्याकडे कमिटचा हॅश आठ अक्षरी, त्याच्याकडे सात. गिट डिस्क्राइब ही लांबी त्या प्रतीत किती ऑब्जेक्ट साठलेत यावरून ठरवतं आणि माझ्या प्रतीत जुन्या शाखांचा साठा जास्त होता.

तिन्ही फरक निरुपद्रवी होते, पण धोका तिथेच आहे. असे फरक नेहमीचेच झाले, की त्यांच्या आड कुणी मुद्दाम काही घुसवलं तर ओळखणार कसं? मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या मुक्त साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती उघडणारी बिल्ड-फाइल गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त वाटपाच्या टारबॉलमध्ये होती. आवृत्तीचा आकडा पाहून कुणालाही संशय आला नसता.

म्हणून आवृत्त्या काढणाऱ्यांना कळकळीने सांगतो. सोर्स डेट इपॉक हे चल शेवटच्या कमिटच्या वेळेवर बांधा. जीसीसी हा कंपायलर आवृत्ती 7 पासून ते मानतो. फाइल-प्रीफिक्स-मॅप वापरून पत्ते झाका. हॅशची लांबी गिटच्या ॲब्रेव्ह या पर्यायाने ठरवून टाका. टारबॉल बांधताना फाइलींचा क्रम नावाने लावा, जीझिपला एन हा पर्याय द्या. व्हर्जनच्या ओळीत ‘डर्टी’ दिसलं, तर कमिट न केलेला बदल आत आहे. ते बिल्ड बाहेर पाठवू नका.

फॉन्टवाल्यांनीही हे पाळावं. लोहित देवनागरीसारखा मुक्त फॉन्ट फॉन्टफोर्जमधून निघतो, तेव्हा त्यातही वेळेची नोंद बसते.

आणि एकट्याच्या मशीनवरचं बिल्ड कधीच प्रसिद्ध करू नका. दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या मशीनवरच्या माणसाकडून तेच बिल्ड करवून घ्या. दोघांचे चेकसम अक्षरन् अक्षर जुळले, तरच सही करा. वापरणाऱ्यांनो, तुम्हीही डाउनलोडपूर्वी विचारा: हे बिल्ड दुसऱ्या कुणी पडताळलंय का?