राणीचे वजन : एक परिसर अभ्यास, थोडे गणित



आज एक वेगळा उपक्रम सांगते. पाचवीच्या वर्गात ‘अन्न आणि ऊर्जा’ शिकवताना तो आपोआप सुरू झाला. एका मुलीने विचारलं, "बाई, आमची राणी पडवीच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा बसते. ती म्हातारी झाली का?" राणी म्हणजे त्यांची लॅब्रॅडॉर कुत्री. वय फक्त ५ वर्षं. वय नव्हे, वजन वाढलं होतं.

कुत्रा जाड आहे हे कसं ओळखायचं?

हाताने ओळखता येतं. मुलांकडून आधी स्वतःच्या हातावर करून घ्या.

१) मूठ वळा, बोटांच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. बरगड्या अशा टोचत असतील तर कुत्रा फार बारीक.
२) हात सरळ ठेवून मागच्या बाजूने बोटांची हाडं चाचपा. बरगड्या अशा लागल्या तर वजन योग्य.
३) आता तळहाताची बाजू दाबून बघा. हाडं शोधावी लागतात ना? बरगड्या अशा असतील तर वजन जास्त.

शिवाय वरून पाहिलं तर कुत्र्याची कंबर आत गेलेली दिसायला हवी. राणी वरून पाटासारखी सपाट दिसायची.

वजन कसं केलं?

राणी काट्यावर एकटी उभी राहीना. मग बाबा तिला उचलून काट्यावर उभे राहिले. दोघांचे १०६ किलो, बाबांचे ६८. वजाबाकी मुलांनी केली : ३८ किलो. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या बांध्याला ३० किलो योग्य सांगितले. थायरॉइडसारखा आजार नाही ना, हेही तपासले. ही तपासणी आधी हवीच, कारण आजाराने वाढलेलं वजन नुसतं खाणं कमी करून उतरत नाही.

माझी एक चूक

फळ्यावर ३८ लिहिल्यावर वर्ग हसला. "जाडी राणी!" मीही हसले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक अंगाने भरलेला मुलगा मान खाली घालून बसलेला दिसला. मी तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी पाठ नव्याने मांडला आणि पहिला प्रश्न विचारला, "राणी स्वतः डबा उघडून खाते का?" "नाही बाई!" "मग तिची वाटी कोणाच्या हातात?" यानंतर कोणी हसलं नाही. शिक्षकांनी हे लक्षात ठेवावं : या पाठात मुलांची वजनं विचारायची नाहीत, तुलना करायची नाही.

घरातली नोंदवही

त्या मुलीने ३ दिवस घरच्यांना विचारून नोंद ठेवली. सकाळी चहाबरोबर आजीची ५ बिस्किटं, बाबांची ३, शाळेतून आल्यावर तिची स्वतःची ४, रात्री काकांची २. प्रत्येक जण म्हणत होता, "मी थोडंसंच देतो." बेरीज : दिवसाला १४ बिस्किटं! वर दोन वेळचा मासळी-भात होताच.

आता गणित. मध्यम आकाराच्या कुत्र्याला बसल्या जागी लागणारी ऊर्जा काढायचं सोपं सूत्र असं : वजनाला ३० ने गुणा आणि ७० मिळवा. वजन घटवताना योग्य वजन धरतात. ३० × ३० + ७० = ९७० किलोकॅलरी. खाऊ त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, म्हणजे ९७. एका ग्लुकोज बिस्किटाच्या साधारण २० ते २५ किलोकॅलरी धरल्या, तर १४ बिस्किटांच्या ३०० च्या आसपास झाल्या. दिवसाच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसत्या ‘थोडंसं’मध्ये! (नेमकं प्रमाण मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.)

आजींची समजूत

आजी म्हणाल्या, "मुक्या जनावराच्या तोंडचा घास कशाला काढायचा?" हा प्रश्न मायेचा आहे, त्याला उत्तर द्यायला हवं. ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांचा आयुष्यभराचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. शिवाय कुत्रा जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो. आपल्या रत्नागिरीच्या दमट हवेत ते आधीच जड जातं. त्यात चरबीचं पांघरूण!

काय बदललं?

- दिवसाचा खाऊ सकाळीच एका लहान डबीत. सगळ्यांनी त्यातूनच द्यायचा. डबी संपली की खाऊ संपला.
- बिस्किटांऐवजी काकडी, गाजर, बिनमिठाचा उकडलेला दुधी. हे काम आजींकडे दिलं! (कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषारी.)
- भात वाटीने मोजून. उपाशी ठेवायचं नाही.
- सकाळी लवकर भाट्ये किनाऱ्यावर फेरी. आधी १० मिनिटं, मग हळूहळू वाढवायची.
- पावसाळ्यात फिरणं बंद होतं, वाटी मात्र तेवढीच राहते. वजन वाढतं ते इथेच. म्हणून त्या दिवसांत पडवीत खाऊ लपवून शोधायला लावायचा.

आलेख

आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के घट सुरक्षित मानतात. ३८ किलोला किती? मुलांनी काढलं : ३८० ते ७६० ग्रॅम. दिवाळीनंतर सुरुवात केली. फेब्रुवारीत घरात लग्न होतं, तेव्हा आलेखाची रेघ वर गेली. मुलांनी कारण लगेच ओळखलं, "पाहुण्यांना डबी माहीत नव्हती!" मार्चअखेर वजन साडेचौतीस किलो. ठरवल्यापेक्षा हळू, पण राणी आता तिन्ही पायऱ्या न बसता चढते.

पालकांसाठी

मुलाला कुत्रा आवडतो म्हणून तो खाऊ देतो. त्याचा हात आखडू नका, त्या हातात पट्टा द्या, चेंडू द्या. राणी दारात वाट बघायची ती बिस्किटाची, असं आम्हाला वाटायचं. आता ती मुलगी रिकाम्या हाताने घरी येते, तरी राणी तशीच शेपटी हलवते.

स्वाध्याय : तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या पाळीव प्राण्याला दिवसभरात कोण काय देतं, याची ३ दिवस नोंद ठेवा. बेरीज करा आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवा.